बारवेतली पाचवी ओळ

भारती धोत्रेचं पत्र आलं त्याला एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि पाथ्रुडकर सरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. विसरणं सरांना कधी जमलंच नाही. निळं आंतरदेशीय पत्र होतं, घडीवर आता विरलेलं, आणि त्यातला मजकूर त्यांना नमस्कारापासून सहीपर्यंत पाठ होता.

'आदरणीय सर, सा. न. वि. वि. आम्ही सोलापुरात खुशाल आहोत. तुमचं माळशिंगीच्या इतिहासाचं पुस्तक मी वाचनालयातून आणलं आणि आजोबांना वाचून दाखवलं. बारवेच्या लेखापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं. ते म्हणतात, पाचव्या ओळीत देशमुखांचं नाव नाही. बारव खोदताना कड ढासळून आमची पाच माणसं गाडली गेली, त्यांची नावं आहेत. आजोबांना वाचता येत नाही. पण दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड फोडायची सुतकी आणि छिन्नी त्या दगडापाशी ठेवून, ओळीवरून बोट फिरवत ते नावं घेतात. त्यांच्या वडलांनी तसंच शिकवलं. हणमा, रामल्या, तिमा, यल्लू, दुर्गी. यंदा गावच्या बारव समितीच्या माणसाने त्यांना अडवलं. म्हणाला, तुमचं इथं काय आहे, सरांचं पुस्तक वाचा. सर, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त एक विचारते. पाचवी ओळ तुम्हाला दिसली होती का? एवढंच कळवावे. आपली विद्यार्थिनी, भारती यल्लप्पा धोत्रे.'

प्रश्न सोपा होता. हो किंवा नाही, एका शब्दाचं काम. तो एक शब्द सरांना एकोणपन्नास वर्षांत सुचला नाही.

त्या पुस्तकाचं काम चाललं होतं तेव्हा सर तेहतीस वर्षांचे होते. माळशिंगीच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून रानोमाळ हिंडून वीरगळ, सतीशिळा, पडकी देवळं वहीत टिपायचे. माणसांत बोलायला जीभ जड व्हायची; दगडांशी बरं जमायचं. पुस्तकासाठी बारवेच्या लेखाचा फोटो हवा होता. लातूरहून फोटोग्राफर आला तो एका दुपारपुरता, संध्याकाळच्या एसटीने परत जाणारा. झिजलेली अक्षरं फोटोत उठावीत म्हणून त्यांत खडू भरायची तेव्हा रीत होती. सरांनी पायरीवर बसून चार ओळी नीट भरल्या. शक, महिना, देवाचं नाव, बारवेचं काम सिद्धीस गेल्याचं. पाचवी ओळ अगदी खाली, पाण्याच्या शिंतोड्यांत. तिथे होत्या नुसत्या खरवडल्यासारख्या रेघा. ऊन उतरत चाललं होतं, फोटोग्राफर घड्याळाकडे बघत होता. देशमुखांच्या घरच्या एका कागदात बारव नागोजीरावांनी बांधल्याचं सरांनी वाचलं होतं. रेघांत त्यांना 'ना' दिसला. मग 'गो' दिसला. हात चालतच गेला. खडू भरणारा माणूस वाचतो आहे असं त्याला वाटत असतं. खरं म्हणजे तो लिहीत असतो. हे सरांना कळलं ते फार पुढे. त्या दुपारी मात्र, ओळ पुरी झाल्यावर मागे सरकून पाहिलं तेव्हा, ती अक्षरं तिथे कायमचीच होती असं त्यांना वाटलं.

फोटो छापला गेला. खडू पावसाने गेला, पण त्याच्या आधी कोणीतरी हौसेने त्याच रेघांवर पांढरा ऑइलपेंट फिरवला होता. आणि भारतीचं पत्र आल्यानंतर दोन महिन्यांनी, त्र्याण्णवच्या जानेवारीत, समितीने लेखाच्या वाचनाचा पत्र्याचा बोर्ड लावायचं ठरवलं. तीन बोल्ट शेजारच्या दगडांत बसले. चौथ्याला जागा मिळेना. गवंड्याने विचारलं, "सर, हितं मारू का?" त्याचं बोट होतं पाचव्या ओळीच्या टोकाशी, जिथे सरांच्या खडूवरून रंगवलेली अक्षरं संपत होती. भारतीचं पत्र सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. पाच-पंचवीस माणसं बघत होती.

"इथं काही नाही," सर म्हणाले. "मारा."

पुढे सगळं आपोआप झालं. शाळेच्या पुस्तिकेत ती ओळ गेली, जिल्ह्याच्या माहितीपत्रकात गेली. बारवेत उतरणाऱ्याच्या कानाशी फोन आपणहून स्थळाची माहिती बोलू लागण्याचे दिवस आले तेव्हा समितीने सरांच्या जुन्या भाषणाची कॅसेट शोधून त्यातून आवाज तयार करवून घेतला. चाळिशीतल्या पाथ्रुडकर सरांचा ठणठणीत आवाज येईल त्याला नागोजीरावांची ओळ सांगू लागला. त्या दिवसापासून म्हातारे पाथ्रुडकर सर बारवेकडे फिरकले नाहीत.

*

डॉ. फरझाना तांबोळी मूळच्या औशाच्या. दगडांचं शास्त्र शिकलेल्या, राज्याच्या शिलालेख नोंदणी प्रकल्पात. त्या जे यंत्र घेऊन आल्या त्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. पण दिसायला ते कोळशाच्या इस्त्रीसारखं, मुठीचं आणि चपट्या तळाचं, म्हणून गावाने पहिल्याच दिवशी त्याला 'इस्त्री' म्हणायला सुरुवात केली. तांबोळीबाईंनाही तेच नाव आवडलं.

त्या सरांना घरी येऊन भेटल्या. सरांच्या मनात आलं, तब्येतीचं निमित्त सांगावं. पण बाई आधीच खुर्चीवर बसल्या होत्या.

"सर, चोरीच्या मोटारसायकलीचा इंजिन नंबर चोर घासून काढतो, तरी पोलिसाला तो सापडतो. कसा, माहितंय?"

"नाही बुवा."

"नंबर ठोकताना घाव नुसता वर बसत नाही. आतलं लोखंड दबतं. वरचं घासलं तरी आतलं दबलेलं तसंच राहतं. त्यावर आम्ल टाकलं की ते वेगळ्या चालीनं विरघळतं आणि नंबर वर येतो. दगडाचं तसंच. छिन्नीचा प्रत्येक घाव आत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या खोलीपर्यंत, केसाहून बारीक तडे सोडून जातो. पाऊस अक्षर पुसतो. तडे त्याच्या हाती लागत नाहीत."

"आणि ही इस्त्री?"

"दगडाला किंचित ऊब देते, अन् ती किती वेळात पसरती ते मोजते. तडा असला की ऊब तिथं क्षणभर अडती. बोटाच्या पेराएवढ्या जागेत काही हजार ठिकाणी असं मोजायचं. मग एकेक घाव मांडता येतो. कुठल्या बाजूनं आला, किती जोरानं आला. हात बदलला तर तेही कळतं." त्या हसल्या. "तुम्ही खडूनं जे केलं, तेच आम्ही उबेनं करतो म्हणा की."

सर हसले नाहीत. "मी बोलावलेलं नाही तुम्हाला," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. "म्हणजे, बरं झालं आलात."

तीन दिवस इस्त्री बारवेत फिरत होती. सर घरी बसून होते. पुस्तकं पुसून झाली, क्रमाने लावून झाली, पुन्हा काढून पुन्हा लावून झाली. त्यांच्या पत्नीला, सुशीलाबाईंना, जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, पुस्तकं पुसल्यानं मन पुसलं जात नाही. पत्राची गोष्ट घरात त्यांना एकट्यांना माहीत होती. दरवर्षी दसरा झाला की भांडी लावता लावता त्या पाठमोऱ्याच विचारायच्या, "त्या धोत्र्यांच्या पोरीला लिहिलंत का हो?" सर म्हणायचे, "लिहितो." एका वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. ते सरांना सगळ्यांत जड गेलं.

*

चौथ्या दिवशी सकाळी समितीच्या कचेरीत बोलावणं आलं. समितीचे अध्यक्ष जयसिंगराव देशमुख, सत्तरीचे, एकेकाळी सरांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारे. त्यांनी सरांना हात धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं.

"बघा सर, तुमचा पेपर तपासून आलाय," ते म्हणाले. "आयुष्यभर तुम्ही आमचे तपासले. आता कसं वाटतंय?"

पडद्यावर दगड उमटला, काळाभोर. त्यावर घाव एकेक करून पांढऱ्या ठिणग्यांसारखे उठू लागले. पहिल्या चार ओळी सरांच्या वाचनाशी अक्षरन् अक्षर जुळल्या. सरांच्या छातीत कुठेतरी, इतक्या वर्षांनंतरही, जरासं बरं वाटलं.

"आता पाचवी," तांबोळीबाई म्हणाल्या. "ही वेगळ्या हातांची आहे. वरच्या ओळी सराईत माणसानं कोरल्यात. ही कोरणाऱ्यांना दगड कळत होता, पण अक्षर नाही. कुणीतरी कोळशानं काढून दिलं असावं, अन् यांनी त्यावर छिन्नी चालवली. घाव उथळ आहेत, म्हणून झिजलीही लवकर. घाईत कोरलेली दिसती."

ठिणग्या जुळल्या. "हणमा," बाईंनी वाचलं. "पुढं… रामल्या."

तिमा, सर मनात म्हणाले.

"तिमा. अन् हे यल्लू."

सरांचे ओठ हलले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "सर, काही म्हणालात?"

"नाही. काही नाही."

मग जयसिंगरावांनी मोठा श्वास घेतला. "म्हणजे आमचे नागोजीराव सरांच्या खडूतनं जन्माला आले म्हणायचं!" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "जाऊ द्या. पन्नास वर्षं खडूवर देशमुखी केली आम्ही. कोण म्हणं ही माणसं?"

"देणगीदार नसावीत. किताब नाहीत, आडनावं नाहीत. कामकरी असतील. कशासाठी कोरली ते दगड सांगत नाही." बाईंनी चित्र डावीकडे सरकवलं. "अन् इथं पाचवं नाव होतं. सुरुवातीचे दोन घाव दिसतात. पुढं हा बोल्ट. भोक पाडताना भोवतालचा दगड हादरला, सगळे तडे एकमेकांत मिसळले. तो आता कधीच वाचता येणार नाही. कुण्या शहाण्यानं नेमकं इथं भोक पाडलं?"

"आमच्या वडलांच्या वेळचा बोर्ड आहे," जयसिंगराव म्हणाले. "गवंड्यानं मारला असेल जिथं जमलं तिथं."

सर आपल्या हातांकडे बघत होते.

"मग पाचवं नाव?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा विचारावं लागलं.

"रिकामं राहणार. नियमच आहे तसा. यंत्रानं वाचलेलं असावं, नाहीतर भोक पाडायच्या आधीची लेखी साक्ष असावी. त्र्याण्णवच्या आधीची, तारखेसकट. ती कुठनं आणायची? पुढच्या आठवड्यात नोंद कायम होईल. 'पाचवे नाव अज्ञात'."

"अन् एक ओळ सरांबद्दलही टाका बाई," जयसिंगराव पुढे झुकून म्हणाले. "'उपलब्ध साधनांनुसार प्रामाणिकपणे केलेले वाचन' असं काहीतरी. सरांवर बोट यायला नको. गावात दुसरं कोण बसलं होतं दगड वाचत?"

"टाकणारच होते," तांबोळीबाई म्हणाल्या. "सर, त्या काळी साधनं नव्हती. वाईट वाटून घेऊ नका."

सगळे त्यांना माफ करत होते. कशाबद्दल, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भरल्या कचेरीत सरांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

*

दुपारी घरी आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. पत्र तळाशी होतं, त्याच्या पोटात एक वर्तमानपत्राचं कात्रण. आठ वर्षांपूर्वीचं: 'बार्शी येथील मुख्याध्यापिका भारती धोत्रे यांचा सेवानिवृत्तीनिमित्त सत्कार.' फोटोत पांढरे केस आणि तीच सरळ नजर. बातमीत घराचा पत्ताही होता. पत्ता सापडत नव्हता, ही सबब सरांना आठ वर्षं नव्हती.

ते खाटेवर बसले. विचार केला तर सोपं होतं. गप्प बसायचं. चार नावं आलीच होती. धोत्र्यांचं म्हणणं दगडानेच खरं केलं होतं. सरांचं नाव प्रामाणिक माणूस म्हणून नोंदीत जाणार होतं. एका नावाची जागा रिकामी राहिली तर कोणाचं काय अडतं? रिकाम्या जागा इतिहासात थोड्या आहेत का?

मग त्यांच्या मनात आलं, चौघांना दगडाने सांभाळलं. पाचवीला फक्त हा कागद सांभाळतो आहे. म्हाताऱ्याच्या बोटाखालून ती नातीच्या पेनात आली आणि तिथून माझ्या ट्रंकेत. एकदा मी पाचपंचवीस माणसांसमोर म्हणालो, इथं काही नाही. आता ट्रंकेचं झाकण लावलं, की तेच पुन्हा म्हटल्यासारखं होईल. आणि या वेळी ते कायमचं खरं होईल.

तरीही ते दोन दिवस तांबोळीबाईंकडे गेले नाहीत. हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या दिवशी चपला घालून दारापर्यंत गेले आणि ऊन फार आहे म्हणून परत फिरले. दुसऱ्या दिवशी ऊन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तांबोळीबाई सामान आवरत असताना सर विश्रामगृहाच्या दारात उभे राहिले आणि आत येऊन त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं.

बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं. मग बसल्या आणि पुन्हा वाचलं. पोस्टाचा शिक्का खिडकीच्या उजेडात धरला. नोव्हेंबर, ब्याण्णव.

"दुर्गी," त्या म्हणाल्या. "बाई होती." त्यांनी लगेच पडद्यावर ते दोन घाव काढले. "बरोबर बसतंय. सर, हे तर—" त्यांचा आनंदाने भरलेला चेहरा एकदम थांबला. शिक्क्यावर पुन्हा नजर गेली. "हे पत्र तुम्हाला आलेलं आहे."

"हो."

"बोर्ड लावायच्या आधी."

"दोन महिने आधी. बोल्ट तिथं मारायला मी सांगितलं. पत्र खिशात होतं."

बाहेर गाडीचा चालक कोणाशी तरी हसत बोलत होता. बाई सरांना धीर देतील असं सरांना वाटलं होतं, आणि त्यांनी तो दिला नाही याचं बरंही वाटलं.

"साक्ष कुठनं मिळाली ते नोंदीत लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "कुणी कुणाला लिहिलं, कधी मिळालं."

"लिहा."

"तुमच्याबद्दलची ती ओळ मग मला ठेवता यायची नाही."

"नका ठेवू."

"अन् पत्रव्यवहार असला तर उत्तराचाही रकाना असतो. तुम्ही उत्तर काय दिलं होतं?"

"दिलं नाही."

नोंद टाइप करणारी त्यांची बोटं क्षणभर थांबली, मग चालली. "सांगणाऱ्याचं नाव? म्हणजे या आजोबांचं?"

सरांनी पत्र हातात घेतलं; पाठ असूनही पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. आजोबा, आजोबा, आजोबा. नाव कुठेच नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"त्या बाई हयात असतील तर नंबर मी एका मिनिटात काढते," तांबोळीबाई म्हणाल्या. "आत्ता बोलता का?"

सरांनी मान हलवली. "पत्राला पत्रच जाऊ दे."

*

पहिला खर्डा सहा पानांचा झाला. त्यात लातूरचा फोटोग्राफर होता, उतरतं ऊन होतं, देशमुखांचा कागद होता, स्वतःच्या भिडस्त स्वभावाचं दीड पान होतं. सरांनी तो वाचला आणि लाल पेनाने शेरा मारायची हुक्की आली: प्रश्न काय, उत्तर काय. फाडून टाकला. दुसऱ्याची सुरुवात 'चि. भारतीस अनेक आशीर्वाद' अशी झाली. आशीर्वाद द्यायचा हात कोणाचा, असं वाटून तोही गेला. तिसरा एका पानात संपला.

'भारती, नमस्कार.

तुझं नोव्हेंबर ब्याण्णवचं पत्र मिळालं होतं. तू विचारलं होतंस, पाचवी ओळ मला दिसली होती का.

नाही. मला ती दिसली नव्हती. मी ती खडूने लिहिली.

तुझं पत्र आल्यानंतर त्या ओळीच्या टोकाशी बोल्ट मारायला मीच सांगितलं. तिथे दुर्गीचं नाव होतं. दगडावर ते आता नाही. बाकीची चार नावं यंत्राने वाचली. तुझ्या आजोबांनी सांगितलेल्या क्रमानेच आहेत. दुर्गीचं नाव तुझ्या पत्रावरून नोंदीत घेतलं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांना कोणी अडवलं, ते माझ्या पुस्तकामुळे. याची माफी मागायला मला एकोणपन्नास वर्षं लागली, म्हणून ती दे असं म्हणत नाही.

तुझ्या पत्रात आजोबांचं नाव नाही. नोंदीत सांगणाऱ्याचा रकाना त्यासाठी मोकळा ठेवला आहे. तेवढं कळवावे.

म. नी. पाथ्रुडकर'

पोस्टाची पेटी आता फक्त मंगळवारी उघडायची. सर मंगळवारी सकाळी निघाले. चौकात जयसिंगराव समोरून आले. नोंद त्यांनी वाचली असावी. दोन्ही हात जोडून नमस्कार केला, रीतसर, पण आज ते थांबले नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही, 'सर, चहा' म्हणाले नाहीत. सर त्यांच्या पाठमोऱ्या टोपीकडे जरा वेळ बघत राहिले आणि पुढे चालू लागले.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "हाताचं अक्षर! लई दिवसांनी बघितलं बघा. निमंत्रण आहे का काका?"

"उत्तर आहे," सर म्हणाले.

"अर्जंट असंल तर वेगळं तिकीट लागतंय."

सर विचारात पडले. "किती दिवसांत पोचतं?"

"बार्शी ना? तीन दिवस. साधं टाकलं तर पाच."

सरांनी अर्जंटचं तिकीट घेतलं, जीभ कोरडी पडली होती म्हणून पाण्याचं बोट लावून चिकटवलं, आणि बाहेर येऊन पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं सरकवून थांबले. मागे कोणी नव्हतं. घाई करणारं कोणी नव्हतं. तिथून परत फिरता आलं असतं.

त्यांनी हात सोडला. पाकीट खाली पडल्याचा आवाज झाला. पेटी जवळजवळ रिकामी असावी, कारण आवाज चांगला मोठा झाला.